टेबलाखालचा बूट

“शर्टाला इस्त्री कुणी केली?”

त्या दिवशी मेडिकल बोर्डासमोर मला विचारलेला हा पहिला प्रश्न. पाठ कुठं दुखते, रात्री झोप लागते का, पायात कळ जाते का, यातलं काही नाही. इस्त्री.

मी म्हणालो, “बायकोनं, साहेब.”

“वा! इस्त्रीचा शर्ट, पांढरी विजार, भांग पाडलेला. आणि म्हणे पाठ मोडली. लग्नाला निघालायस की बोर्डाला आलायस?”

शेजारचे दोघे डॉक्टर हसले. एक मनापासून हसला, दुसरा मोठ्या साहेबांच्या तोंडाकडे बघून हसला. दाराशी शिपाई उभा होता, तोही हसला. मी पण हसलो. ते हसू आठवलं की आजही तोंड कडू होतं. स्वतःच्या अपमानाला स्वतःच दाद देत उभा होतो मी.

नाशिकमधली कामगार विम्याच्या ऑफिसची ती खोली. हिरवं कापड घातलेलं टेबल, पलीकडे तीन खुर्च्या. अलीकडेही एक होती. माझ्या आधी एक टाइमकीपर आत गेला होता, मनगट मोडलेला. दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळं ऐकू आलं. साहेब त्याला म्हणाले, “बसा.” मग माझा नंबर आला. साहेबांनी फाइल उघडली. आडनाव वाचलं. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पुन्हा आडनाव वाचलं. बसा काही म्हणाले नाहीत. खरं तर मला उभं राहण्यापेक्षा बसणंच जड जायचं. पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी टेबलाखाली पाय हलवला. उजव्या पायातला बूट त्यांनी काढून ठेवला होता, उकाड्यानं असेल. काळा, चकचकीत. तो त्यांनी मोज्यातल्या पायानं माझ्या बाजूला ढकलला.

“तो बूट उचलून दे बघू.”

मी वाकलो.

मुलीच्या चपलेचा पट्टा लावायला मला वाकता येत नव्हतं. जमिनीवरचं ताट उचलता येत नव्हतं म्हणून मी फळीवर ताट ठेवून उभ्यानं जेवायचो. विहारात वंदनेला सगळे गुडघे टेकून वाकायचे, तेव्हा मी मागं भिंतीशी नुसते हात जोडून उभा असायचो. आणि या माणसानं सांगितलं तसा मी वाकलो. कमरेत तापलेली सळई शिरावी तसं झालं. डोळ्यांपुढं अंधारी आली. एका हातानं टेबल धरून दुसऱ्या हातानं बूट उचलला. आता साहेबांच्या हातात बूट कसा द्यायचा? म्हणून टेबलाला वळसा घालून त्यांच्या पायाशी नेऊन ठेवला. म्हणजे पुन्हा वाकलो. पहिल्यांदा त्यांनी सांगितलं म्हणून. दुसऱ्यांदा माझा मी.

“शाबास,” साहेब म्हणाले. शेजारच्याला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. मग मला म्हणाले, “सरकारचे जावई रे तुम्ही. शिक्षणात तुम्ही, नोकरीत तुम्ही. आता घरी बसून खाण्यातही तुम्हीच. जा.”

मी “बरं साहेब” म्हणालो आणि बाहेर आलो. जिन्याच्या कठड्याला धरून किती वेळ उभा होतो, कोण जाणे.

हे दुखणं मी हौसेनं आणलं नव्हतं. आणीबाणी उठली त्या सुमाराची गोष्ट. सातपूरच्या एका कारखान्यात मी मजूर होतो. ओतीव लोखंडाचं जड कास्टिंग उतरवायचं, रचायचं, मशीनपाशी न्यायचं. मोठं कास्टिंग चेनपुलीनंच उचलायचं असा नियम होता. भिंतीवर तांबड्या अक्षरात रंगवलेला होता. पुली कधीची बिघडून पडलेली. सुपरवायझर म्हणाला, “चार गडी लावा आणि उचला. पुलीची वाट बघत बसलो तर माल कधी जायचा?” चौघांनी उचललं. एकाचा पाय तेलावरून सरकला आणि त्याचे हात सुटले. त्याचा काय दोष? सगळा भार माझ्याकडं आला. कमरेत कट्‌ झालं. एवढ्या मशीनच्या गोंगाटात तो आवाज मला एकट्याला ऐकू आला.

पायाला वजनं बांधून मला हॉस्पिटलात झोपवून ठेवलं. मग कमरेला पट्टा आला. मग पहिलं बोर्ड. त्या वेळी एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी मला टेबलावर झोपवलं, पाय हळूहळू वर उचलला, कळ कुठं येते ते विचारलं. गुडघ्यावर हातोडी मारली, मणके बोटांनी चाचपले. “फार दुखत असेल,” म्हणाले. एवढंच. पण ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी अपंगत्वाचे टक्के ठरवले. पण ते कच्चे. पुढं पुन्हा तपासणी होऊन पक्के व्हायचे होते. त्या टक्क्यांवर महिन्याला पैसे सुरू झाले. तोवर कारखान्यानं हात झटकले होते. वजन उचलता येत नाही तर तुझं इथं काम काय, असं तोंडावर विचारलं.

हे पैसे कुणाची मेहेरबानी नव्हती. कामावर होतो तोवर माझ्या पगारातून दर महिन्याला विम्याचे कापून घेत होते. तेव्हा कुणी माझं आडनाव वाचून थांबलं नाही.

वस्तीत माझं नावच पडलं, टक्केवाला. “काय टक्केवाले, आज स्वारी उन्हात?” लोक थट्टेनं म्हणायचे. मी पण म्हणायचो, “पाठीला ऊन देतोय, तुम्हाला काही द्यायचं का?” बोलायला मी कधी कमी नव्हतो. आपल्या माणसांत. साहेब दिसला की जीभ टाळ्याला चिकटायची.

पाठीचं दुखणं म्हणजे अवघड जागेचं दुखणं. दाखवायला काही नाही. रक्त नाही, पू नाही, मोडलेलं हाड बाहेर आलेलं नाही. सकाळी अंथरुणातून उठायचं म्हणजे आधी कुशीवर व्हायचं, मग पाय खाली सोडायचे, मग भिंत धरायची. शिंक आली तर जीव घाबरायचा. संडासात बसलो की उठता यायचं नाही, बाहेर रांगेतली माणसं डबे वाजवायची. डाव्या पायात मुंग्या, पोटरीत गोळा. सुमन, माझी बायको, निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकायची. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

सुमन मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या करायला जायची. पहाटेचं पाणी तीच भरायची. नळावर बायका तिला ऐकवायच्या, “धडधाकट दिसतो की गं तुझा नवरा. तू राबतेस, तो लोळतो.”

सुमन म्हणायची, “दिसतो ना? मग बघत बसा.”

घरी आल्यावर हंडा जरा जोरात ठेवायची. मी भिंतीकडं कूस वळवायचो.

दुसऱ्या बोर्डाची, म्हणजे त्या बुटाच्या बोर्डाची तारीख आली तेव्हा शेजारचे निवृत्तीभाऊ घरी आले. प्रेस मशीनखाली त्यांची बोटं गेली होती. त्यांना बोर्डाचा अनुभव. म्हणाले, “हे बघ, मळका लेंगा घाल. दाढी वाढव. कुणाची तरी काठी माग. आत शिरताना कण्हायचं. माझी बोटं तुटली ती दिसतात. तुझी पाठ कुणाला दिसते? दाखवल्याशिवाय दिसत नाही ती.”

माणूस शहाणा. मला पटलं होतं. सुमनला पटलं नाही.

“कण्हायचं कशाला? दुखतं ते काय खोटं आहे?” ती म्हणाली. “आणि मळकं घालून जायचं नाही. सासूबाई जाताना काय सांगून गेल्या?”

आई काय सांगून गेली ते मला पाठ होतं. दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या घरात तो नियमच झाला. भाकरी कोरडी असली तरी चालेल, सरकारी दारात, शाळेत, कोर्टात मळक्या कपड्यानं पाऊल टाकायचं नाही. आईनं शिळं मागून खाल्लं होतं, दुसऱ्यांनी टाकलेली लुगडी नेसली होती. धुतलेल्या कपड्याची किंमत तिला ठाऊक. सुमननं पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरले आणि शर्टावर फिरवले. कॉलर पुन्हा पुन्हा दाबली. बोटाला चटका बसला तर तोंडात घातलं आणि पुन्हा लागली.

अपंगत्वाचा दाखला मागायला इस्त्री करून जायचं. ही चूक आमच्यातच होऊ शकते. ज्यांना कपड्यांवरून कधी कुणी हाकललं नाही ते खुशाल फाटकं घालून जातील, नाटक करतील आणि काम करून घेतील. आमची फाटक्या कपड्यांची हौस पिढ्यान्‌पिढ्या फिटली होती. ते कपडे पुन्हा अंगावर चढवायला सुमनचा हात धजला नाही. मी तिला तेव्हाही दोष दिला नाही, आजही देत नाही.

बोर्डानंतर पुढच्या महिन्यात पैसे घ्यायला खिडकीवर गेलो तर क्लार्क म्हणाला, “तुमचं बंद झालंय.”

“का?”

त्यानं कागद पाहिला. माणूस वाईट नव्हता, हळू आवाजात सांगितलं. “बोर्डानं लिहिलंय, सहज वाकतो. जमिनीवरची वस्तू उचलून देतो.”

“कुठली वस्तू, ते लिहिलंय का?”

“नाही. तसं काही नाही लिहिलेलं.”

मागं रांग होती. मी बाजूला झालो.

घरी येऊन सुमनला सांगितलं. बुटाचं मी तोवर तिला सांगितलंच नव्हतं. बोर्डाहून आल्यावर आठवडाभर अंथरुणाला खिळलो होतो, तर बसच्या धक्क्यानं झालं म्हणालो होतो. ती ताटलीत तांदूळ निवडत होती. हात थांबला.

“तुम्ही उचललाच का?”

“साहेबानं सांगितलं.”

“साहेबानं गोदावरीत उडी मार म्हटलं असतं तर?”

मी तिच्या ताटलीतले खडे बघत राहिलो.

“मुलीला चप्पल घालायला मी वाकते. न्हाणीतलं तपेलं मी उचलते. तुम्हाला वाकवत नाही म्हणून. त्याचं मला काही वाटलं नाही कधी. आज वाटतंय.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी तिनं माझी पाठ शेकली नाही. मीही मागितलं नाही.

घर आता तिच्या एकटीच्या भाकऱ्यांवर आलं. भाडं थकलं. मुलीची शाळा सोडायची का, असं एकदा दबक्या आवाजात बोलून झालं. माझं औषध आधीच सुटलं होतं.

त्याच दिवसांत बाप दिंडोरीकडच्या गावाहून आला. त्याला कुणाकडून तरी कळलं होतं की पोराचे पैसे बंद झाले. ओट्यावर बसला. म्हणाला, “काय म्हनला त्यो डाक्टर?”

“बूट उचल म्हणाला.”

“मंग?”

“उचलला.”

बापानं चिलीम काढली, भरली नाही, तशीच हातात धरून बसला. मग म्हणाला, “म्या बी उचललाच असता. आमच्या वक्ताला पाटलाच्या जोड्याला चिखल लागला तर म्या धोतराच्या सोग्यानं पुसायचो. कुनी सांगायला लागत नव्हतं. कंबर आपसूक खाली जायाची. तू कशापायी वाईट वाटून घेतो? वाकल्यानं मानूस मरत नाय.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. “मरत नाही? मग माझं काय झालंय?” मी ओरडलो. बापावर मी कधी ओरडलो नव्हतो. शेजारी दारात आले.

बाप उठला. चौकट धरून उठला, आणि उठून उभा राहिला तरी कमरेतून तसाच पुढं झुकलेला राहिला. कितीतरी वर्षं तो तसाच होता. लहानपणापासून मी त्याला तसाच पाहत आलो, म्हणून कधी पाहिलाच नव्हता. मेलेली जनावरं ओढली, दुसऱ्यांची लाकडं फोडली, दुसऱ्यांच्या दारात मान खाली घालून उभा राहिला. त्याची पाठ कामावरच गेली होती. त्याला कुणी टक्के दिले नाहीत. त्याच्यासाठी कुठलं बोर्ड बसणार होतं?

मला रडू कोसळलं. बापाला वाटलं पैशांसाठी रडतोय. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, “मिळतीन रे पैसे.” त्याला वर बघून माझ्या तोंडाकडं पाहता येत नव्हतं. मी त्याच्यासाठी रडत होतो आणि मला स्वतःची किळस येत होती. मग किळसही गेली. राग राहिला. तो गेला नाही. मी जाऊ दिला नाही.

युनियनच्या माणसानं फेरतपासणीचा अर्ज लिहून दिला. देताना सांगितलं, “आत जाऊन डोकं फिरवू नका. अडला हरी, माहीत आहे ना कुणाचे पाय धरी?” निवृत्तीभाऊ तर काठीच घेऊन आले. “आता तरी ऐक माझं.” मी काठी घेतली नाही. ते रागावून गेले. सुमननं तांब्यात निखारे भरले.

पुन्हा तीच खोली, तेच हिरवं कापड. मधल्या खुर्चीत तेच साहेब. एक डॉक्टर बदललेला होता. साहेबांनी मला ओळखलं.

“मागच्या वेळी तर मस्त वाकला होतास. आता काय झालं?”

“वाकलो म्हणून आठवडाभर पडून होतो, साहेब.”

“असं?” त्यांनी टेबलावरचं पेन बोटानं सरकवलं. ते गडगडत माझ्या पायाशी पडलं. “उचल.”

कंबर हलली. खोटं कशाला सांगू? सगळं ठरवून गेलो होतो, तरी कंबर हलली. मी दोन्ही हात मागं नेऊन कमरेचा पट्टा घट्ट धरला आणि ताठ उभा राहिलो. पैसे गेले तर जातील, पोरीची शाळा गेली तर सुमनला काय तोंड दाखवू, सगळं एकदम डोक्यात आलं.

“नाही उचलणार.”

“काय?”

“तपासायचं तर तपासा. पहिल्या बोर्डात टेबलावर झोपवून पाय उचलून पाहिला होता. तसा पाहा. सांगाल तेव्हा दुखतं का नाही ते खरं सांगतो. पेन उचलणार नाही.”

“आता तू मला डॉक्टरकी शिकवणार?” ते लाल झाले. “सरळ सांग. वाकता येत नाही की वाकायचं नाही?”

“दोन्ही.”

“दोन्ही लिहिता येत नाही.”

“मग पहिलं लिहा. दुसरं मी ध्यानात ठेवतो.”

कुणी हसलं नाही. शिपाई खिडकीबाहेर बघत होता. नवा डॉक्टर फाइलीत डोकं घालून बसला. साहेब म्हणाले, “तपासणीला नकार, असं लिहितो. मग बस बोंबलत.”

“लिहा. मी काय नाकारलं तेही लिहा.”

“बाहेर हो!”

बाहेर आलो. मर्दुमकी वगैरे काही वाटली नाही, भीतीच वाटत होती. पेन त्यांनी शिपायाकडून उचलून घेतलं असेल.

व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. घोटीकडची, सातपूरला पॅकिंगमध्ये कामाला. खोकी उतरवताना खांदा निखळलेला. हात गळ्यात बांधलेला आणि दुसऱ्या हातात काठी. मी विचारलं, “खांदा दुखतो तर काठी कशाला, ताई?”

ती ओशाळली. “माझी नाय, शेजारच्या म्हाताऱ्याची. समदे म्हनले, काठी लागतीच. नाय तर आत लय बोलत्यात.” मग हळूच म्हणाली, “तुमाला लय बोलले का? ऐकू आलं भाईर.”

एवढ्यात शिपायानं तिचं नाव पुकारलं. ती उठली आणि तिथंच थबकली. पाऊल पुढं टाकेना. मी म्हणालो, “चला, मी येतो.” तिला काही विचारलं नाही, माझा मी तिच्यामागं आत शिरलो.

“तू परत?” साहेब ओरडले.

“यांच्याबरोबर आलोय.”

“नातेवाईक आहेस?”

“नाही.”

“मग निघ.”

“निघतो. दार उघडं राहू द्या.”

शिपाई दार लोटायला आला. मी चौकटीला पाठ टेकून उभा राहिलो. त्याला मला ढकलावं लागलं असतं. त्यानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग त्या बाईकडं. मग म्हणाले, “हात कितपत वर जातो, दाखवा.” दाखवा म्हणाले. ती दाखवायला लागली. दुखलं तशी ओरडली. खरी ओरडली.

माझे पैसे सुरू झाले नाहीत. माझ्या नावापुढं नकारच लिहिला गेला. आता वर कोर्टात अर्ज केलाय, तिथं तारखा पडताहेत. मुलीची शाळा सुमननं अजून सोडवलेली नाही. दुपारी ती दुसऱ्या एका घरी धुण्याचं काम करते, आणि आल्यावर माझी पाठ शेकते. पाठ बरी होणार नाही, हे मला कळून चुकलंय. थंडीत जास्त दुखते, उन्हाळ्यात थोडी कमी.

पण बोर्ड बसतं त्या दिवशी मी तिथं जातो. माझी तारीख नसली तरी जातो. सातपूर, अंबड, इगतपुरी, कुठून कुठून माणसं येतात. कुणाचा हात, कुणाचा पाय, कुणाचा डोळा. मी प्रत्येकाबरोबर दारापर्यंत जातो आणि चौकटीत उभा राहतो. साहेब चिडतात. शिपाई दोनदा बखोट धरून जिन्यापर्यंत घेऊन गेला, परत आलो. उद्या पोलीस बोलावतील, म्हणे. बोलावू देत. मी पुन्हा चौकटीत येईन. मी अंथरुणाला खिळलो तर निवृत्तीभाऊ येतील, त्यांनी कबूल केलंय. त्या खोलीत यापुढं आमचं माणूस एकटं सापडणार नाही.